डोळ्यावरील सारवण

आमच्या नंदुरबार जिल्ह्याचे आणि नेत्रांच्या छायाचित्रणाचे एक नाते आहे, ते फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. ता. २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली या लहानशा गावी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. आधारच्या नोंदणीत बोटांच्या ठशांबरोबर दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची चित्रे घेतात, हे आता घरोघरी ठाऊक आहे. परंतु ते चित्र घेताना यंत्राचा प्रकाश ज्या काचेसारख्या पडद्यातून आत जातो व पुन्हा बाहेर येतो, त्या पडद्याची आठवण कोणास होत नाही. होण्याचे कारणही नाही. आपण स्वतः दिसू नये, हाच त्या पडद्याचा धर्म आहे.

या पडद्यास मराठी ग्रंथांत स्वच्छमंडल म्हणतात, आणि डॉक्टर मंडळी कॉर्निया म्हणतात. घड्याळाच्या तबकडीवर जशी फुगीर काच असते, तसे हे स्वच्छमंडल बुबुळावर बसविलेले आहे. त्याच्या अगदी बाहेरच्या थराची जाडी हल्ली डोळ्यास स्पर्शही न करता, केवळ प्रकाशाच्या साह्याने मोजता येते. हा विषय नेत्रवैद्यांचा. आमच्यासारख्या निवृत्त शाळामास्तराने त्यात का पडावे, असे वाचक विचारतील. त्याचे कारण एवढेच की, गेल्या वर्षी आमच्या घरातील एका मुलीच्या दृष्टीचा प्रश्न दहा-बारा मायक्रॉनांच्या अंतरावर येऊन ठेपला होता. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या बावीस वर्षांची आहे. पदवी परीक्षा उत्तम रीतीने उतरलेली, वाचनाची आवड असलेली, आणि इयत्ता नववीपासून चष्मा लावणारी. घरात तिच्या विवाहाचा विचार सुरू झाला, तेव्हा दोन ठिकाणांहून चष्म्याविना काढलेले छायाचित्र मागविण्यात आले. मग एके रात्री जेवणे आटोपल्यावर ओटीवर घरातील मंडळींची सभा भरली, आणि लेसर शस्त्रक्रियेने मुलीचा चष्मा कायमचा घालवावा असे ठरले. त्या सभेत आम्हीही होतो, आणि आम्हीही मान हलविली, हे येथे लिहून ठेवणे अवश्य आहे. मुलीस कोणी विशेष विचारले नाही. तिनेही विरोध केला नाही.

त्या वेळी दोन गोष्टी आमच्या डोळ्यांदेखत होत्या, पण त्यांची सांगड कोणी घातली नव्हती. एक ही की, तिच्या चष्म्याचा क्रमांक दर वर्षी बदलत असे, आणि त्यातही तिरप्या वक्रतेचा, ज्यास सिलिंडरचा क्रमांक म्हणतात, तो वाढत असे. दुसरी ही की, मुलगी लहानपणापासून डोळे चोळीत असे. नंदुरबार ही मिरचीची मोठी पेठ. हंगामात शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर ओली लाल मिरची वाळत पडलेली असते, आणि वाऱ्याची झुळूक आली की गावातही ठसका लागतो. येथील मुलांनी डोळे चोळणे हे आम्हांस शिंकेइतके स्वाभाविक वाटत असे.

पाच-सहा पेशींची भिंत

मुलीचे डोळे नाशिक येथे एका नेत्रतज्ज्ञांकडे दाखविण्याचे ठरले व आम्ही सोबत गेलो. तेथे जे ऐकले व नंतर वाचून जे समजून घेतले, ते क्रमाने सांगतो.

स्वच्छमंडलाची मध्यभागची जाडी साधारणतः अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक असते. यातील सुमारे नऊ-दशांश भाग मधल्या गाभ्याचा. बारीक तंतूंचे शेकडो पापुद्रे एकावर एक रचून हा गाभा बनलेला असतो, आणि स्वच्छमंडलाचे सारे बळ त्यात असते. त्याच्यावर बाहेरच्या अंगास पेशींचे पाच ते सात थर आहेत. हेच ते बाह्य आवरण. त्याची जाडी सुमारे ५० ते ५३ मायक्रॉन, म्हणजे मुलांच्या वहीच्या कागदाच्या निम्म्याच्या आसपास.

एवढ्याशा आवरणाकडे कामे मात्र अनेक. बाहेरची धूळ व जंतू यांस ते आत येऊ देत नाही. अश्रूंचा पातळ थर ते आपल्या अंगावर धरून ठेवते. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळविण्याचे सुमारे दोन-तृतीयांश काम स्वच्छमंडलच करते, आणि त्यातही मुख्य वाटा त्याच्या बाहेरील पृष्ठभागाचा. यास्तव तो पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत राखणे ही जबाबदारीही याच आवरणाची. शरीरातील अत्यंत संवेदनशील मज्जातंतूंची टोके या पेशींमध्ये पसरलेली आहेत. म्हणूनच मिरचीचा एक कण डोळ्यात गेला, तर माणूस हातातील ताट टाकून पाण्याकडे धावतो.

हे आवरण सदैव नवे होत असते. वरच्या जीर्ण पेशी पापणीच्या उघडझापीबरोबर गळून पडतात, खालून व कडेकडून नव्या पेशी त्यांच्या जागी येतात, आणि सुमारे आठ-दहा दिवसांत सारे आवरण बदलून जाते. या नव्या पेशींचा उगम बुबुळाच्या काळ्या वर्तुळाच्या कडेशी, जेथे काळे व पांढरे मिळतात तेथे आहे.

हे ऐकताना आम्हांस सुश्रुतसंहितेचे स्मरण झाल्यावाचून राहिले नाही. उत्तरतंत्राच्या आरंभीच सुश्रुताचार्यांनी नेत्राची पाच मंडले, सहा संधी व सहा पटले सांगितली आहेत, आणि त्या सहा संधींत पांढरे व काळे यांच्या मीलनस्थानास शुक्लकृष्णगत असे स्वतंत्र नाव दिले आहे. बाहेरचे पटल तेज व जल यांच्या आश्रयाने असते, असेही तेथे म्हटले आहे. आचार्यांचे मापन अंगुळांत व मसुराच्या डाळीच्या प्रमाणात होते. त्यांस पेशी वा मायक्रॉन ठाऊक होते, असे म्हणणे म्हणजे त्यांचा खोटा गौरव होय. परंतु डोळ्यास भाग पाडून, प्रत्येक भागास नाव व माप देऊन पाहावे, ही दृष्टी त्यांची होती, आणि आजच्या यंत्रामागेही तीच आहे.

मातुश्रींचा दृष्टांत

नाशिकच्या डॉक्टरांनी प्रथम बाहेरील वक्रतेचा नकाशा काढला. त्यात शंका घेण्याजोगे फारसे काही आढळले नाही. स्वच्छमंडलाची एकंदर जाडी ५१२ मायक्रॉन भरली. तीही चिंता करण्याइतकी कमी नव्हे. मुलीच्या मातोश्रींनी तेथल्या तेथे शस्त्रक्रियेचा दिवस विचारला. परंतु डॉक्टर म्हणाले, “गुरुजी, मुलीचा सिलिंडरचा क्रमांक वाढतो आहे आणि ती डोळे चोळते, या दोन गोष्टी मला बऱ्या वाटत नाहीत. वरच्या थराची जाडी वेगळी मोजल्याशिवाय मी लेसरला हात लावणार नाही.”

ती मोजणी झाली आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रियेस स्वच्छ नकार दिला. आम्ही विषण्ण मनाने घरी परतलो. बाहेरचा नकाशा चांगला, जाडी चांगली, मग नकार का, हे घरात समजावून सांगताना आमची मास्तरकी अपुरी पडू लागली. तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आमच्या मातुश्री, ज्या आतापर्यंत माळ ओढीत ऐकत होत्या, त्या म्हणाल्या, “अरे, हे सारवणासारखंच आहे की. जमिनीत खडा वर आला असेल तर सारवताना त्याच्यावर हात पातळ फिरतो, आणि खड्ड्याखोलगटीत शेण जास्त बसतं. वरून जमीन सारखी दिसते. वरून सारखी दिसते म्हणून खाली खडा नाही, असं थोडंच आहे?”

त्यांच्या उमेदीच्या काळी आमच्या घराच्या जमिनी मातीच्या होत्या व दर आठवड्यास त्या सारवल्या जात. आम्ही दोन दिवस जे सांगत होतो, ते त्यांनी चार वाक्यांत सांगितले.

वस्तुस्थिती अशीच आहे. काही तरुणांत स्वच्छमंडलाचा गाभा एका ठिकाणी दुर्बळ होऊन हळूहळू शंकूसारखा पुढे येतो. या रोगास केरॅटोकोनस म्हणतात. बहुधा तो किशोरवयात वा विशीत आरंभ करतो व काही वर्षे वाढत राहतो. गाभ्यास असा उंचवटा येऊ लागला की त्याच्या माथ्यावरील बाह्य आवरण पातळ होते आणि उंचवट्याच्या सभोवती जाड होते. जाडीच्या नकाशावर हे वर्तुळाकार कड्यासारखे उमटते. पापणी दिवसातून हजारो वेळा वरून फिरते आणि सारवणाऱ्या हाताप्रमाणे पृष्ठभाग समतल करीत राहते, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. परिणाम हा की, रोगाच्या प्रारंभी बाहेरची वक्रता निर्दोष दिसू शकते. रोग वाढल्यावर मात्र आवरणाची ही शक्ती पुरी पडत नाही, आणि उंचवटा बाहेरूनही दिसू लागतो.

आता लेसरने चष्मा घालविताना मधल्या गाभ्याचाच काही भाग काढून त्यास नवा आकार देतात. निरोगी डोळ्यास ते सहन होते. परंतु ज्या गाभ्यात आधीच दुर्बळता लपलेली आहे, त्यातून आणखी भाग काढला तर फुगवटा वेगाने वाढून दृष्टी कायमची अधू होण्याचा धोका असतो. चष्मा घालविण्यास गेलेल्या मुलीस पुढे चष्म्यानेही नीट दिसू नये, असा हा प्रसंग. सारवणाखालचा खडा न पाहता आम्ही त्या वाटेवर मुलीस नेऊन उभे केले होते.

प्रकाशाचा प्रतिध्वनी

पन्नास मायक्रॉनांचा थर, तोही जिवंत डोळ्यावरचा, मोजावयाचा कसा? पहिला मार्ग ध्वनीचा. तोरणमाळच्या कड्यावरून हाक मारली असता समोरच्या डोंगरावरून ती परत येते, आणि तिला लागलेल्या वेळावरून अंतर काढता येते. कानास ऐकू न येणाऱ्या अतिउच्च कंपनांच्या ध्वनीने हाच प्रयोग डोळ्यावर करता येतो. १९९० नंतरच्या दशकात डॅन राइनस्टाइन, रोनाल्ड सिल्व्हरमन व जॅक्सन कोलमन यांनी या रीतीने बाह्य आवरणाची जाडी मोजण्याचे काम अमेरिकेत केले. राइनस्टाइन यांनीच पुढे उंचवट्यावर पातळ व सभोवती जाड अशी ती कड्याची आकृती स्पष्टपणे दाखवून दिली. परंतु या रीतीत डोळ्यापुढे पाण्यासारख्या द्रवाची योजना करावी लागते; ती सर्वत्र सुलभ नव्हे.

दुसरा मार्ग प्रकाशाचा. प्रकाश सेकंदास सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. पन्नास मायक्रॉनांच्या जाण्यायेण्यास त्यास लागणारा वेळ सामान्य घड्याळाने मोजणे अशक्य. यास्तव एक युक्ती योजिली गेली. एकाच दिव्याच्या प्रकाशाचे दोन भाग करावयाचे. एक डोळ्याकडे व दुसरा ठाऊक अंतरावरील आरशाकडे पाठवावयाचा. आणि परत आलेले दोन्ही एकत्र आणावयाचे. दोघांनी चाललेली वाट जवळजवळ समान असेल तरच त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून विशिष्ट खूण उमटवितात. त्या खुणांवरून डोळ्याच्या कोणत्या खोलीवरून किती प्रकाश परतला हे कळते, आणि थरांचे उभे छेदचित्र तयार होते. या रीतीस ऑप्टिकल कोहिअरन्स टोमोग्राफी, संक्षेपाने ओ.सी.टी., म्हणतात. डेव्हिड ह्वांग, जेम्स फुजिमोटो व त्यांचे सहकारी यांनी १९९१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ती प्रथम जगापुढे मांडली. तेव्हा लक्ष्य होते डोळ्याच्या मागील पडद्याचे. पुढील भागावर तिचा उपयोग नंतर होऊ लागला.

२०१२ साली यान ली, ह्वांग व सहकाऱ्यांनी ओ.सी.टी.ने निरोगी व केरॅटोकोनस झालेल्या डोळ्यांच्या बाह्य आवरणाचे नकाशे काढले. त्यातील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. अगदी मध्यभागच्या जाडीची सरासरी दोन्ही गटांत सुमारे ५२ मायक्रॉनच भरली. केवळ मध्याचा आकडा पाहून रोगी व निरोगी यांत भेद करता आला नसता. भेद होता तो मांडणीत. निरोगी डोळ्यात आवरण वरच्या बाजूस किंचित पातळ व खालच्या बाजूस किंचित जाड असते. रोगी डोळ्यांत हा क्रम उलटला होता, आणि जाडीचा चढउतारही अधिक होता. पाऊस जिल्ह्यात सरासरी चांगला झाला म्हणून अक्कलकुव्यास पुष्कळ पडला की नंदुरबारास ओढ लागली, हे जसे कळत नाही, तसेच हे. सरासरीने समाधान होते, ज्ञान होत नाही. त्यासाठी नकाशाच पाहावा लागतो.

प्रत्यक्ष मोजणी पाहून आम्हांस नवल वाटले. मुलीने हनुवटी एका आधारावर टेकविली, कपाळ पट्टीस लावले, समोरच्या खुणेकडे पाहिले, आणि डोळ्यांची दोन-चार वेळा उघडझाप करून क्षणभर डोळा स्थिर ठेवला. झाले. सुई नाही, औषध नाही, स्पर्शही नाही. पडद्यावर स्वच्छमंडलाचा छेद धनुष्यासारखा दिसू लागला. त्याच्या बाहेरच्या कडेस एक बारीक, एकसारखी पट्टी होती. तेच बाह्य आवरण. यंत्राने त्या पट्टीच्या दोन्ही कडा आपल्या आपण आखल्या आणि ठिकठिकाणचे अंतर मोजून रंगीत नकाशा काढला. शाळेच्या भिंतीवर जसा उंचसखल प्रदेशांचा नकाशा टांगलेला असतो, तसाच तो होता.

डाव्या डोळ्याचा नकाशा एकरंगी होता. उजव्यात खालच्या बाजूस, किंचित कानाकडे, एक ठिपका वेगळ्या रंगाचा. तेथे आकडा होता ४४. त्याच्या भोवती ५५, ५६. स्वच्छमंडलाच्या आतील, म्हणजे पाठीमागच्या पृष्ठभागाचा नकाशा डॉक्टरांनी शेजारी ठेवला. त्यातील लहानसा उंचवटा नेमका त्याच जागी होता.

येथे एक सूचना अवश्य आहे. हा नकाशा म्हणजे एकट्याने दिलेला निकाल नव्हे. डोळ्यातील कोरडेपणाने आवरणाची जाडी बदलू शकते. कॉन्टॅक्ट लेन्सच्या दीर्घ वापराने ते पातळ होऊ शकते. म्हणून लेन्स वापरणाऱ्यांनी डॉक्टर सांगतील तितके दिवस ती काढून ठेवावी लागते, आणि डोळ्यात थेंब घालण्यापूर्वीच ही मोजणी करणे इष्ट. यंत्र आवरणाबरोबर त्यावरील अश्रूंचा पातळ थरही मोजते, आणि वरची पापणी काही भाग झाकते, हेही तज्ज्ञ ध्यानी घेतात. उलट एखाद्याची बाहेरील वक्रता संशयास्पद दिसते, परंतु त्या जागी आवरणच जाड आढळते आणि खालचा गाभा निर्दोष असतो. खालचा उंचवटा वर येत असता तर तेथे आवरण पातळ झाले असते. अशा माणसाची शंका हाच नकाशा दूर करू शकतो.

खेड्यापाड्यांतील डोळे

हा रोग विलायतेतला, आपल्याकडे क्वचितच, असे कोणास वाटल्यास त्याने नागपूरजवळच्या खेड्यांत झालेली पाहणी लक्षात घ्यावी. ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ या नावाने डॉ. विनय नांगिया व त्यांचे सहकारी यांनी तीस वर्षांवरील सुमारे ४,७०० ग्रामस्थांचे डोळे तपासले. त्याचे जे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले, त्यांत ४८ डायॉप्टरपेक्षा अधिक वक्रता ही केरॅटोकोनसची कसोटी धरली असता शेकडा २.३ लोकांत तो आढळला. अमेरिकेतील मिनेसोटा भागातील १९८६ सालच्या एका प्रसिद्ध पाहणीत हे प्रमाण लाखात सुमारे ५५ होते. दोन्हींच्या कसोट्या भिन्न असल्यामुळे आकड्यास आकडा लावून तुलना करणे योग्य नव्हे. तथापि आपल्याकडे हा रोग दुर्मिळ म्हणून सोडून देता येत नाही, इतके त्यावरून निश्चित होते. त्याच खेड्यांत स्वच्छमंडलाच्या मध्यभागची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन भरली. आमच्या पुतणीचा ५१२ हा आकडा त्याच्या अगदी लगतचा. एकूण जाडी पाहून निर्धास्त होण्यात काय अर्थ होता, हे आता आम्हांस कळते.

त्या पाहणीत बाह्य आवरणाची स्वतंत्र मोजणी नव्हती. ज्यांचा खडा अजून सारवणाखालीच होता, असे डोळे केवळ वक्रतेच्या मापाने ओळखू येणे कठीण. आणि आमच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगराळ पाड्यांतील मुलामुलींना साध्या चष्म्याच्या तपासणीसाठीही दूर यावे लागते. त्यांच्या दृष्टीने हे यंत्र तर फारच लांबचे. म्हणून यंत्र जवळ नसता जे करता येण्याजोगे आहे, त्याकडे लक्ष दिले पाहिजे.

रोग वाढत असल्यास त्यावर उपाय आहे. २००३ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथील वोलेन्साक, श्पोर्ल व झायलर यांनी त्याचे पहिले परिणाम प्रसिद्ध केले. रिबोफ्लेविन, म्हणजे आपले ब-२ जीवनसत्त्व, डोळ्यात मुरवून त्यावर जंबुपार किरण सोडतात. त्यामुळे गाभ्यातील तंतू एकमेकांस घट्ट बांधले जातात. गेलेला आकार त्याने पूर्ववत होत नाही, परंतु पुढील वाढ बहुधा थांबते. येथेही आमच्या बाह्य आवरणाचा हिशेब आहेच. मूळ पद्धतीत हे आवरण बाजूस करून मगच औषध घालतात, आणि आतील भागास किरणांची इजा होऊ नये म्हणून आवरण वगळून निदान ४०० मायक्रॉन जाडी असावी, असा दंडक आहे. एखाद्याची एकूण जाडी ४३० भरली आणि त्यात आवरण ५० चे असले, तर उरतात ३८०. हे गणित चौथीच्या मुलास येईल, परंतु आवरण वेगळे मोजल्यावाचून ते मांडता येत नाही.

घरात काय करावे

डोळे जोराने चोळणे आणि हा रोग यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसून आला आहे. ज्यांस धुळीने, परागाने डोळ्यास खाज सुटते, अशांत हा रोग अधिक आढळतो. मिरचीमुळे केरॅटोकोनस होतो, असे आम्ही म्हणत नाही, व कोणी तसे समजूही नये. परंतु मिरचीची धूळ गेल्यावर बोटांनी डोळा रगडण्याची जी सवय लागते, ती आमच्या गावात घराघरांत आहे. पथारीवर दिवसभर देठ खुडणाऱ्या स्त्रियांचे हात तर मिरचीनेच माखलेले असतात.

यास्तव डोळ्यात मिरची वा कचरा गेल्यास प्रथम हात साबणाने धुवावे आणि मग डोळा स्वच्छ पाण्याने पुष्कळ वेळ धुवावा; चोळू नये. मुलास वरचेवर खाज सुटत असल्यास डॉक्टरांकडून थेंब घ्यावे. औषधांच्या दुकानातून आपल्या मनाने, विशेषतः स्टिरॉइडचे, थेंब आणून महिनोन् महिने घालू नयेत. त्यांनी काचबिंदू होऊ शकतो. तंबाखूच्या चुन्याची पुडी मुलांच्या हाती लागू देऊ नये. चुना डोळ्यात उडाला तर काळ्यापांढऱ्याच्या संधीतील तो पेशींचा उगमच जळून जाण्याचे भय असते, आणि मग आवरण पुन्हा नीट बनत नाही. ज्या मुलाचा चष्म्याचा क्रमांक, विशेषतः सिलिंडरचा, दर वर्षी वाढतो, त्यास केवळ नवी काच देऊन थांबू नये; स्वच्छमंडलाची तपासणी करवून घ्यावी. आणि चष्मा घालविण्याची शस्त्रक्रिया करावयाचीच असेल, तर बाह्य आवरणाचा नकाशा काढला काय, असे डॉक्टरांस विचारण्यात संकोच मानू नये. चांगल्या डॉक्टरास त्या प्रश्नाचा राग येत नाही.

आमच्या पुतणीस थेंब दिले गेले, चोळणे बंद झाले, आणि दर सहा महिन्यांनी नकाशा काढण्याचे ठरले. पहिल्या खेपेस मातुश्रींनी तिच्यावर पहारा ठेवला होता. हात डोळ्याकडे गेला की माळेचा मेरुमणी तिच्या मनगटावर टेकत असे. सहा महिन्यांनंतरच्या नकाशात त्या ठिपक्याचा आकडा ४४ च आला. वाढ नाही. डॉक्टर म्हणाले, “आज काही करायचे नाही. पाहत राहू.” आमच्या आयुष्यात इतके गोड वाक्य आम्ही क्वचितच ऐकले असेल.

परतीच्या प्रवासात मुलगी पुष्कळ वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, “काका, आईला सांगा, माझा फोटो आता चष्म्यासकटच पाठवा.” आम्ही ते तसेच घरी सांगितले. या खेपेस सभा भरविण्याचे कारण पडले नाही. हल्ली कोणी मुलीस चष्मा आहे काय असे विचारले, तर आहे असे आम्हीच प्रथम सांगतो, आणि का आहे तेही सांगतो. दोन ठिकाणची बोलणी त्यावर थांबली. तिसऱ्या ठिकाणच्या मुलाने मात्र तो नकाशा पाहावयास मागितला आणि ४४ चा आकडा कोठे आहे, हे तिच्याकडूनच समजून घेतले. पुढे काय होईल ते होवो. तिचा उजवा डोळा आज शाबूत आहे, आणि तो शाबूत राहण्यात आमच्या शहाणपणाचा काही वाटा नव्हता, हे घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी विसरू नये, म्हणून हे लिहिले.